बारा हजार पाउंडांचा विंच कशाला? कार-ट्रेलरवर गाडी ओढायला खरंच किती ताकद लागते

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत धो-धो पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत दारापुढच्या गाड्या पाण्यात गेल्या. बुडालेल्या गाडीची चावी फिरवून बघायची नसते. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून गाडी आहे तशी, बंदच, गॅरेजला न्यावी लागते. सपाट रस्त्यावर चार जण तिला ढकलू शकतात. ट्रेलरच्या रॅम्पवर मात्र चौघांचाही दम निघतो, आणि एकाचा पाय घसरला की मागे उभ्या असलेल्यांचं काही खरं नसतं.

अशा वेळी उपयोगी पडतो तो विंच: मोटर, गिअर, ड्रम आणि ड्रमवर गुंडाळलेला दोर, एवढंच यंत्र. वाडी-हिंगण्याकडचे गॅरेजवाले, जुनी पद्मिनी किंवा जीप हौसेनं जपणारे, रॅलीसाठी गाडी ट्रेलरवरून नेणारे, या सगळ्यांना तो कधी ना कधी हवा असतो. पण ऑनलाइन शोधायला बसलं की २०००, ३५००, ४५००, ९५००, १३००० असे ताकदीचे, पाउंडांतले आकडे समोर नाचू लागतात. ऑटोमोटिव्ह चौकात ओळखीच्या माणसाला विचारावं तर तो म्हणतो, "भाऊ, मोठाच घेऊन टाका ना, काहून टेन्शन घेता!" माझं मत नेमकं उलट आहे. ट्रेलरसाठी विंच बेताचा घ्यावा आणि वाचलेले पैसे केबल, बॅटरी आणि बसवण्याच्या लोखंडात घालावेत. का, ते पुढे आलंच.

विंच गाडी उचलत नाही

विंचवर लिहिलेला आकडा म्हणजे दोराला बसणारी जास्तीत जास्त ओढ. तिला 'लाइन पुल' म्हणतात. हा आकडा गाडीच्या वजनाशी थेट ताडून पाहायचा नसतो, कारण गाडी चाकांवर आहे आणि वजन रस्त्यानं किंवा रॅम्पनं पेललेलं आहे. विंचला भिडायचं असतं ते दोनच गोष्टींशी: चढाशी आणि चाकांच्या अडवणुकीशी.

हिशेब करून बघू. ट्रेलरचा पाट, म्हणजे गाडी जिच्यावर उभी राहते ती फळी, जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे आणि रॅम्प २.४ मीटर लांब. म्हणजे चढ चारास एक. गाडी १२०० किलोची धरा, ॲम्बेसेडर साधारण तेवढीच भरते. चढासाठी लागणारी ओढ वजनाच्या चौथा हिस्सा, म्हणजे ३०० किलो. हवा भरलेली चाकं कडक जमिनीवर वजनाच्या दीड-दोन टक्के अडवतात, ते झाले वीस-पंचवीस किलो. एकूण सव्वातीनशे किलो. पाउंडांत सांगायचं तर सातशेच्या आसपास!

हे झालं चांगल्या दिवसाचं गणित. वर्षभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीचे टायर बसलेले असतील, तर चाकांची अडवणूक सव्वाशे किलोपर्यंत जाऊ शकते. हँडब्रेक गंजून मागची दोन्ही चाकं जाम असतील, तर रबर काँक्रीटवर घासत जाणार. तेव्हा त्या चाकांवरच्या वजनाच्या सत्तर टक्के जोर केवळ घासण्यावर जातो आणि एकूण ओढ सव्वासातशे किलोच्या पुढे पोचते. चारही चाकं जाम असतील तर साडेअकराशेच्या घरात.

शेतातली काळी माती हे निराळंच प्रकरण आहे. पावसाळ्यात काटोल-सावनेरकडच्या कापसाच्या शेतात गाडी चाकभर रुतली, तर तिला काढायला तिच्या वजनाइतकी ओढ लागते असं धरून चालतात, आणि मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. गाडीच्या वजनाच्या दीडपट विंच घ्यावा हा नियम आला तो अशा चिखलातून. ऑफ-रोडवाल्यांसाठी तो बरोबरच आहे. पण तुमचा ट्रेलर डांबरावर उभा राहणार असेल, तर त्यांचा नियम आपल्या माथी मारून घेण्याचं कारण नाही.

खोक्यावरचा आकडा पहिल्या थराचा असतो

दुकानदार सहसा न सांगणारी गोष्ट ही. लिहिलेली ओढ मिळते ती ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना. दोर गुंडाळला जातो तसा ड्रम जाड होतो, आणि मोटरचा पीळ तोच राहिल्यामुळे ओढ कमी होत जाते. ५० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर ६ मिलिमीटरचा दोर असेल, तर तिसऱ्या थरावर पावेक ताकद गेलेली असते आणि चौथ्यावर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. ट्रेलरवर हे नेमकं आपल्या विरोधात जातं. गाडी लांब, सपाट जमिनीवर असते तेव्हा दोर बाहेर असतो आणि विंच जोरात; गाडी रॅम्पवर चढून पाटावर येते तेव्हा ड्रम भरलेला आणि विंच अशक्त.

यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, उगाच वीस-पंचवीस मीटर दोर घेऊ नये. बऱ्याच ट्रेलरांना दहा-बारा मीटर पुरतो. दोर पूर्ण सोडला तरी वायर रोपचे किमान पाच वेढे ड्रमवर राहिले पाहिजेत, सिंथेटिक दोराचे आठ-दहा. दोर ड्रमला धरून ठेवतात ते हे वेढेच. टोकाचा छोटा स्क्रू भार घेण्यासाठी नसतो. दोन, सोबत एक पुली ब्लॉक ठेवावा. दोर गाडीला लावलेल्या पुलीतून फिरवून परत ट्रेलरला अडकवला, की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि दोरही ड्रमवरून जास्त सुटतो. पुली ब्लॉकच्या जोरावर छोटा विंच मोठ्याचं काम करतो, आणि त्याची किंमत दोन विंचांमधल्या फरकापुढे काहीच नसते.

तर माझा सल्ला असा. मारुती ८००, पद्मिनी, वॅगनआर अशा हजार किलोच्या आतल्या गाड्यांना २५०० ते ३५०० पाउंड. बारा-तेराशे किलोपर्यंत ३५०० आणि पुली ब्लॉक. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या गाड्या नेहमी चढवायच्या असतील तर ४५०० ते ५०००. खरेदी करताना एक डोळा 'रोलिंग लोड' या शब्दांवर ठेवा. काही विक्रेते सपाटीवर चाकांवरून ओढता येणाऱ्या गाडीचं वजन ठळक अक्षरांत छापतात आणि खरा लाइन पुल खाली बारीक अक्षरांत. ट्रेलरचं गणित त्या बारीक आकड्यावरच करायचं.

मग मोठा घेतला तर बिघडलं काय?

बिघडतं ते विजेत. ९५०० ते १३००० पाउंडांचे विंच तीस-चाळीस किलो वजनाचे असतात, आणि पूर्ण जोरात असताना ४०० अँपिअरच्या घरात प्रवाह ओढतात. रिकामे फिरतानाही साठ-सत्तर अँपिअरच्या पुढे. तेवढ्या प्रवाहासाठी लागणारी केबल, बॅटरी आणि कट-ऑफ (वीज तोडायचा स्विच) सगळंच जाड आणि महाग. शिवाय चुकून काही अडकलं, तर मोठा विंच थांबत नाही. तो गाडीचा टो-हुक (ओढण्यासाठी दिलेला हुक) उपटतो किंवा आपलंच स्टँड वाकवतो. छोटा तिथे घुटमळतो आणि तुम्हाला कळतं की काहीतरी अडलंय.

छोट्या, साडेतीन हजार पाउंडवाल्यालाही पूर्ण जोरावर दीडशे अँपिअरच्या आसपास लागतात. गाडीच्या हेडलाइटचा एक बल्ब पाचेक अँपिअर घेतो, त्यावरून अंदाज करा.

सगळा खेळ केबलचा

ट्रेलरवरचे विंच "चालत नाहीत" म्हणून परत जातात, त्यातल्या कित्येकांत विंचचा दोषच नसतो. उन्हाळ्यात छतावरची टाकी भरलेली असते, पण अर्ध्या इंचाच्या लांबलचक पाइपातून खाली बारीक धार येते, विजेचंही तसंच. बॅटरीत दम असून तो मोटरपर्यंत पोचत नाही.

समजा ओढणाऱ्या गाडीच्या बॉनेटमधल्या बॅटरीपासून विंच सहा मीटर लांब आहे. जाणारी आणि येणारी मिळून केबल झाली बारा मीटर. ती ४ चौरस मिलिमीटरची, घरातल्या एसीला टाकतात तसली असेल, तर १५० अँपिअरला आठ व्होल्टहून जास्त वाटेतच जातील. बारातून आठ गेले, मोटर फिरणार कशावर? तीच केबल २५ चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान दीड व्होल्टच्या आत राहतं. आणि बॅटरी ट्रेलरवरच, विंचपासून मीटरभर अंतरावर ठेवली, तर पाव व्होल्टही जात नाही.

मला म्हणूनच दुसरी बॅटरी ट्रेलरवर ठेवणं सगळ्यांत सोयीचं वाटतं. जाड तांब्याची बारा मीटर केबल आणि मोठा प्लग यांच्याऐवजी एक साधी कार बॅटरी आणि दोन मीटर केबल यांवर काम भागतं. ट्रेलरच्या दिव्यांसाठी असलेल्या सात पिनच्या प्लगमधून विंच चालवायचा विचारसुद्धा करू नका.

केबल घेताना वेल्डिंगची केबल मागा. ती जाड असूनही लवचीक असते आणि ट्रेलरच्या हादऱ्यांना टिकते. मात्र बाजारात ती तांब्याची मिळते तशीच ॲल्युमिनियमचीही मिळते, आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेलीही. इतवारीच्या बाजारात दुकानदारासमोरच टोक सोलून एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. त्यात रोध तांब्यापेक्षा साठेक टक्के जास्त, आणि लगच्या (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीच्या) जोडात ती कालांतरानं सैल पडते. लग हातोडीनं ठोकून बसवू देऊ नका, हायड्रॉलिक यंत्रानं दाबून, म्हणजे क्रिंपिंग करून घ्या. ढिल्या लगवर जोड तापतो, काळा पडतो, आणि मग सगळे मोटरला शिव्या देतात.

इन्व्हर्टरची किंवा ई-रिक्षाची बॅटरी चालेल का?

हा प्रश्न येणारच, कारण नागपुरात या दोन्ही सहज हाताशी असतात. चालते, पण मनापासून नाही. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी तासन् तास थोडी-थोडी वीज द्यायला बनवलेली असते. दीडशे अँपिअर मागितले की तिचा व्होल्टेज बसतो. शिवाय ती पन्नासेक किलोची, उंच, आणि ट्रेलर हादरला की ॲसिड सांडणारी. ई-रिक्षाची जुनी बॅटरी काढलेलीच असते ती दम संपला म्हणून. विंचला हवी असते क्षणात जोर देणारी, इंजिन स्टार्ट करायची साधी कार बॅटरी. क्षमता फार लागत नाही: १०० अँपिअरनं तीन मिनिटं ओढलं तर पाचच अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी एका चार्जवर दोन-तीन गाड्या आरामात चढवते. लिथियम बॅटरी घ्यायची असेल तर तिच्यातलं संरक्षक सर्किट किती अँपिअरला बंद पडतं ते आधी पाहा. १०० अँपिअरचं सर्किट ऐन रॅम्पवर वीज तोडेल.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बंद पत्र्याच्या डब्यात ठेवलेली बॅटरी शिजते. डब्याला दोन्ही बाजूंनी जाळी ठेवा. मोटरलाही हेच लागू. हे विंच सलग चालवायला नसतात; पूर्ण भारावर मिनिटभर ओढा, मग थांबा, मोटरला हात लावून पाहा. उन्हाळ्यात जरा जास्तच थांबा.

बॅटरीच्या प्लसजवळ सर्किट ब्रेकर आणि हाताशी येईल असा कट-ऑफ स्विच हवाच. स्वस्त विंचमध्ये सगळ्यांत आधी जातो तो सोलेनॉइड, म्हणजे रिमोटचं बटण दाबल्यावर मोठा प्रवाह जोडणारा स्विच. त्याचे संपर्क तापून एकमेकांना चिकटले, की बटण सोडलं तरी विंच ओढतच राहतो. त्या क्षणी ट्रेलरला वळसा घालून पाना शोधत बसायला वेळ नसतो. वायरलेस रिमोट सोयीचा आहे, पण वायरचा रिमोटही जोडता येतो असाच विंच घ्या.

कुठे आणि कशावर बसवायचा

ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, बरोबर मधोमध. दोन बोटंही इकडे-तिकडे नको, नाहीतर गाडी तिरकी चढते आणि दोर ड्रमच्या एका बाजूला ढीग करतो. पण पुढे किती, हे ठरवायच्या आधी गाडी पाटावर चढवून बघा. ट्रेलरच्या हिचवर (ओढणाऱ्या गाडीला जोडायच्या सांध्यावर) एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार यावा असं पाहतात. त्यासाठी गाडी थोडी पुढे घ्यावी लागते. विंचचं स्टँड आडवं आलं आणि गाडी मागेच राहिली, तर हायवेवर ट्रेलर सापासारखा वळवळतो. त्यामुळे आधी गाडीची जागा, मग विंचची.

उंचीचंही तसंच. दोर शक्यतो गाडीच्या टो-हुकच्या पातळीत यावा. विंच फार खाली बसवला तर गाडी रॅम्पवर असताना दोर पाटावर घासतो. फार उंच बसवला तर स्टँडच्या बुडाशी मुरड बसते: ३० सेंटिमीटर उंच खांबावर हजार किलोची ओढ म्हणजे वेल्डवर ३०० किलो-मीटरचा मुरडा. अशा खांबाला विंचच्या समोरून, म्हणजे गाडीच्या बाजूनं, तिरपा टेका हवाच.

फॅब्रिकेशनवाला बहुधा म्हणेल, "चेकर प्लेटवरच ठोकून देतो." नाही म्हणा. पाटाचा पत्रा ३-४ मिलिमीटरचा असतो, तो फुगतो आणि फाटतो. ट्रेलरच्या सांगाड्याच्या दोन मुख्य लांब लोखंडी पट्ट्यांमध्ये आडवा ७५ मिलिमीटरचा सी-चॅनल वेल्ड करून घ्या, त्यावर ८ मिलिमीटरची प्लेट, आणि प्लेटवर बोल्टनं विंच. भोकं ड्रिलनंच पाडायची. गॅस कटिंगची भोकं वेडीवाकडी असतात, त्यात बोल्ट हलतो आणि कापला जातो. बोल्ट डोक्यावर ८.८ कोरलेलेच घ्या. हार्डवेअरवाले त्यांना 'हाय टेन्शन' म्हणतात. नट नायलॉनची रिंग असलेले. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीच्या वायरी काढून ठेवा, विंच तर बसवूच नका. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेला असेल तर तोही वेगळा करा.

दोर लोखंडी की सिंथेटिक?

वायर रोप स्वस्त, उन्हाला आणि घासण्याला पुरून उरणारी. पण तिचे तुटलेले धागे सुईसारखे हातात शिरतात आणि ती तुटली तर चाबकासारखी येते. सिंथेटिक दोर हलका, हाताळायला सुखाचा, तुटला तरी कमी घातक. मात्र ऊन त्याला खातं, वाळू त्याला कापते, आणि भारावर दोर सोडताना ड्रमच्या आतला ब्रेक तापला तर तो मऊ पडतो. ट्रेलर उघड्यावर राहत असेल तर माझं मत वायर रोपला, चामडी हातमोजे घालून. सिंथेटिक घेतलाच तर विंचवर जाड कापडी कव्हर घाला आणि दोर बाहेर पडतो तिथे रोलरऐवजी गुळगुळीत ॲल्युमिनियमचं तोंड लावा.

हातानं फिरवायचा विंच काय वाईट?

काहीच नाही. महिन्यातून एखादी हलकी गाडी चढवायची असेल तर तोच घ्या: बॅटरी नको, केबल नको, आणि अडलेलं हातालाच कळतं. घाम मात्र निघेल.

चढवताना

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेला असला पाहिजे, आणि ट्रेलरच्या शेपटीखाली दोन्ही बाजूंना टेके. हे टेके लोक टाळतात, आणि धोका इथेच आहे. गाडीची पुढची चाकं रॅम्पवर आली की ट्रेलरची शेपटी दबते, हिच वर उचलला जातो आणि त्याबरोबर ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं हलकी होतात. हँडब्रेक असतो तो त्याच चाकांवर! उतारावर असाल तर सगळी वरात निघाली. म्हणून ओढणाऱ्या गाडीच्या चाकांनाही लाकडी ठोकळे लावा.

हुक गाडीच्या टो-हुकलाच अडकवायचा, बंपरला किंवा सस्पेंशनच्या आर्मला नाही. नव्या गाड्यांत टो-हुक डिकीत ठेवलेला असतो, तो स्क्रूसारखा बसवावा लागतो. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. दोर गाडीभोवती फिरवून त्याचा हुक त्याच्याच अंगावर अडकवू नये, दोर तिथेच तुटतो. ताणलेल्या दोरावर मध्ये एखादं जाड पोतं टाका. तुटला तर झेप तिथेच मरते. रॅम्पवर गाडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही; स्टिअरिंग सरळ धरायला आत फक्त एक माणूस बसवायचा.

गाडी चढली, आता विंचलाच बांधून नेऊ का?

"विंचला ब्रेक आहे की!" असं ऐकायला मिळतं. आहे, पण तो स्थिर भारासाठी. खड्ड्यातले धक्के त्याच्या गिअरवर बसले की दात जातात. त्याहून मोठी गंमत अशी, की तुम्ही ब्रेक मारला की ट्रेलरवरची गाडी पुढे येते, आणि दोर तेव्हा ढिला पडतो. दोर ओढू शकतो, अडवू शकत नाही. चारही चाकांना रॅचेट बेल्ट लावायचे, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर, आणि मग विंचचा ताण थोडा सोडायचा.

ट्रेलर हाही मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत मोटार वाहनच आहे. नोंदणी हवी, नंबर प्लेट हवी, मागचे दिवे चालू हवेत. हिंगण्याला बनवून घेतलेला ट्रेलर असेल तर विंचवर खर्च करण्याआधी ते काम आरटीओत मार्गी लावा.

नवा दोर कारखान्यातून ढिलाच गुंडाळलेला येतो. तसाच भारावर वापरला तर वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात आणि पुढच्या वेळी सुटतच नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी सपाट, मोकळ्या जागेवर चालू गाडी लावा, शेवटचे वेढे सोडून दोर पूर्ण उलगडा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आत बसलेल्यानं ब्रेकवर हलका पाय ठेवायचा आणि तेवढ्या ताणावर दोर सावकाश, वेढ्याला वेढा लावून गुंडाळायचा.